डोकी मोजताना फोटो काढणारीही मोजा

नागपुरात बर्डीवरच्या एका कलर लॅबच्या काउंटरवर मी नऊ वर्षं बसले, १९९६ ते २००५. काम सोपं होतं. रोल घ्यायचा, पावती फाडायची, धुऊन आलेले फोटो पाकिटात भरायचे आणि गिऱ्हाईक आलं की कोणत्या फोटोच्या किती कॉप्या ते निगेटिव्हच्या नंबरापुढे लिहायचं. लोक तिथंच काचेवर फोटो पसरायचे आणि बोट ठेवून डोकी मोजायचे. "एक, दोन, तीन... सात. याच्या सात काढा." आठवड्यानं तोच माणूस परत. "मॅडम, त्या फोटोची अजून एक कॉपी." ज्यानं फोटो काढला तो फोटोत नसायचा, म्हणून मोजायचा राहून गेलेला असायचा.

आणखी एक गोष्ट त्या काउंटरवर दिसली. तलाव, डोंगर, मावळता सूर्य असल्या फोटोची दुसरी कॉपी फारशी कोणी मागायचं नाही. कॉप्या निघायच्या त्या वेगळ्याच फोटोंच्या. कोणी तोंडात अख्खा आलूबोंडा कोंबलाय. एकीची चप्पल चिखलात रुतलीय आणि बाकीच्या हसून वाकल्यात. जीपच्या टपावर बसून सगळे ऊस सोलताहेत. यातले कितीतरी फोटो हललेले असायचे, तरी पंधरा-पंधरा कॉप्या जायच्या.

लॅब कधीच बंद झाली. आता आमची सात जणींची भिशी आहे. दर महिन्याला एकीच्या घरी समोसे खायचे, चिठ्ठी काढायची, साड्या बघायच्या, याचा चार वर्षांपूर्वी कंटाळा आला आणि ठरवलं की भिशी बाहेर न्यायची. महिन्यातला एक रविवार. परवा भाची म्हणाली, "मावशी, आम्ही कुठं गेलो की चारशे फोटो निघतात नि परत एकही बघावासा वाटत नाही. तुमचे काहून पाहावेसे वाटतात वो?" तिला फोनवर सांगायला गेले तर तास गेला. म्हणून हे लिहून काढलं.

आधी उजेड, मग जागा

सगळे आधी जागा ठरवतात. मी आधी घड्याळ ठरवते. नागपूर मुंबईच्या बरंच पूर्वेला आहे. घड्याळ सगळ्या देशाचं एक, पण सूर्य आपल्याकडे साधारण पंचवीस मिनिटं आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. पुण्या-मुंबईच्या लोकांचे व्हिडिओ बघून "सहाच्या उजेडात फोटो काढू" म्हणाल, तर डिसेंबरात इथं साडेपाचलाच सूर्य बुडालेला असतो. जानेवारीत सकाळी सात वाजायला आले की उगवतो. जूनमध्ये साडेपाचलाच वर. एवढे आकडे डोक्यात ठेवले की अर्धं काम झालं.

आमची पहिलीच सहल खिंडसी तलावावर होती. "सकाळी निघू" म्हणता म्हणता निघालो साडेदहाला, पोचलो बारा वाजता. फेब्रुवारीचं ऊन, डोक्यावर सूर्य. सगळ्या फोटोंत प्रत्येकीच्या डोळ्यांखाली काळे खड्डे, नाकाची सावली ओठांवर, आणि निम्म्या जणींचे डोळे मिटलेले. डबे उघडायला तीन वाजले, तोवर दोघींचं बोलणं बंद झालं होतं. उजेड आणि भूक, दोन्ही घड्याळं त्या दिवशी चुकली. तेव्हापासून नियम: उन्हाळा सोडून कोणत्याही महिन्यात निघा, पण सकाळी सहाला गाडी सुरू व्हायलाच हवी, आणि साडेअकरानंतर उघड्यावर फोटो नाही. साडेअकरा ते तीन हा वेळ जेवणाचा, झाडाखाली लोळण्याचा, भांडणं मिटवण्याचा.

या हिशेबानं जागा निवडा. थंडीत रामटेक सगळ्यात सोपं. पन्नासेक किलोमीटर, जबलपूर रोडनं मनसरपर्यंत जायचं आणि तिथून उजवीकडे वळायचं. गाडी नसेल तर इतवारीहून रेल्वेही जाते. आठच्या आत गडावर पोचलात तर खालच्या अंबाळा तलावावर धुकं असतं आणि देवळाच्या दगडांवर तिरपं ऊन. ते ऊन तासभर टिकतं, त्यातच उरका. मंदिराच्या पायऱ्यांवर वानरं असतात. प्रसादाची पिशवी हातात ठेवू नका, गॉगल डोक्यावर ठेवू नका आणि वानराच्या शेजारी बसून सेल्फी काढू नका. आमच्यातल्या टीचरनं काढायला घेतली, वानरानं ओढणी ओढली. फोटो मात्र झकास आला, कारण तो दुसरीनं काढला.

खाली उतरलात की नगरधनचा किल्ला जवळच आहे. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच जागा, असं अभ्यासक मानतात. आम्ही तिथं जातो ते मात्र सावलीसाठी. दुपारीही भिंतींच्या आणि दरवाजांच्या सावलीत एकसारखा उजेड मिळतो, तोंडावर ठिपके पडत नाहीत. रामटेकच्या गडावर रघुजी भोसल्यांच्या काळाचं काम, इथं वाकाटकांचं नाव. गाडीत टीचर असेल तर एवढा इतिहास ती ऐकवतेच.

अर्धाच दिवस हाती असेल तर कळमेश्वरकडे वळा, धापेवाडा आणि अदासा एका फेरीत होतात. आधी धापेवाड्याचा विठोबा, मग अदाशाचा गणपती. धापेवाड्याच्या नदीचं नाव चंद्रभागाच, त्यामुळे सासूबाईंना सांगायला बरं पडतं. आषाढीच्या आसपास तिथं फार गर्दी असते, ते दिवस टाळा. गाभाऱ्यात फोटो काढायचा नाही, हे मी सांगायला नको.

पूर्ण दिवस असेल तर सेवाग्राम. गांधीजी तिथं १९३६ साली राहायला आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. बापूकुटीत उजेड कमी असतो, मातीच्या भिंती, कवेलू, बारीक खिडक्या. फ्लॅश मारला की मातीची सगळी माया जाते आणि शांत बसलेल्या माणसालाही त्रास होतो. आत फोटो काढूच नका, बाहेरच्या झाडांखाली बसा. आमच्या ग्रुपातली सगळ्यात बोलकी बाई तिथं वीस मिनिटं गप्प होती. त्याचा फोटो आहे, तिला दाखवला तर ती मानत नाही.

फेब्रुवारी-मार्चात काटोलकडे मृग बहाराची संत्री झाडावर असतात, आणि रस्त्याकडेला पळस फुललेला असतो. संत्र्याच्या बागेत शिरण्याआधी मालकाला विचारा. विचारलं तर तो बहुतेक वेळा हो म्हणतो आणि वर चार संत्री हातात देतो. न विचारता गेलात तर तुमच्या हातातलं संत्रं चोरीचं, आणि त्याचा फोटो म्हणजे पुरावा. एप्रिल-मे मध्ये सहल काढू नका. शेहेचाळीस डिग्रीत मैत्री टिकत नाही. फारच जीव उतावीळ झाला तर संध्याकाळी फुटाळ्यावर जा, पाण्यापलीकडे सूर्य मावळताना बघा, भाजलेलं कणीस खा, घरी या.

पावसाळ्यात तलाव आणि धरणं सुंदर दिसतात आणि तेव्हाच सगळ्यात घातकी असतात. झिल्पी असो की खिंडसी, काठाच्या गवताखाली दगड आहे की चिखल ते दिसत नाही. पाण्याकडे पाठ करून सेल्फी नाही, हा आमचा एकमेव नियम आहे ज्यावर मतदान होत नाही. काठावर फोटो काढणारीनं मागे जायचं नाही. फोटोत उभ्या असणाऱ्या जणी पुढे येतील.

ताडोब्याला जाणार असाल तर सफारीत मोबाइल नेता येत नाही, हे आधीच सगळ्यांना सांगा, नाहीतर गेटवर तोंडं पडतात. ज्यांच्याकडे कॅमेरा आहे त्यांनी न्यावा. पेंचला रात्री राहायचा बेत असेल तर अमावास्येच्या आसपासचा धरा. पेंचच्या महाराष्ट्रातल्या भागाला २०२४ च्या जानेवारीत भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे दिव्यांच्या उजेडापासून रात्रीचं आकाश जपलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली. आम्ही डिसेंबरात गेलो, कृत्तिका हातानं वेचाव्या तशा दिसत होत्या. हातात फोन धरून काढलेले सगळे फोटो शाळेच्या पाटीसारखे काळे. फोन दगडावर टेकवायचा, नाइट मोड लावायचा, टायमर लावून हात काढून घ्यायचा, हे तिथं तिसऱ्या तासाला सुचलं.

गाडी आणि पैसे

यावर जास्त लिहीत नाही. सात जणी सात सीटांच्या गाडीत बसतात, पण मागच्या दोघींचे गुडघे हनुवटीला लागतात. प्रत्येक थांब्यावर मागची रांग बदलायची. पैसे भिशीच्या दिवशीच वेगळे काढायचे, आम्ही दर महिन्याला तीनशे काढतो. एकीच्या हातात पाकीट, सगळा खर्च तिनंच करायचा आणि पाकिटावरच पेनानं लिहायचा. "तू दे, मी नंतर देते" हे वाक्य गाडीत बंद.

डब्बा

निघताना पोहे खाऊन निघा. वाटेत खाऊ म्हटलं की तर्रीवाला शोधण्यात अर्धा तास जातो आणि कोवळं ऊन संपतं. डब्यात कोरडं आणि हातानं खाता येईल असं न्या: तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, उकडलेले आलू, ठेचा. सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीचं सारण भरून तळलेली वडी, नेऊ नका. कितीही चांगली झाली तरी तासाभरात मऊ पडते आणि करणारी दिवसभर हळहळते.

वर्षातून एकदा मात्र रोडगे, म्हणजे गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे. कोणाचं तरी वावर असतंच, आमच्या एकीच्या माहेरचं उमरेड रोडला आहे. गहू जाडसर दळून आणायचा, गोवऱ्या आणि वांगी तिकडेच मिळतात. गोवऱ्यांचा आर व्हायला तास लागतो आणि रोडगे भाजायला अजून अर्धा-पाऊण तास, म्हणून पोचल्या पोचल्या आधी गोवऱ्या पेटवा, मग गप्पा मारा. पळसाची पानं असतील तर त्यात गुंडाळून थोडे पानगे करा. भरपूर तूप न्या, कमी नेलं तर पुढच्या सहलीपर्यंत ऐकून घ्यावं लागतं. जंगलाच्या हद्दीत किंवा वाळल्या गवताजवळ कधीही चूल मांडू नका, उन्हाळ्याच्या तोंडावर तर नाहीच. निघताना राखेवर पाणी ओतून हात लावून बघा.

आणि फोटो तिथंच काढायचा. सकाळच्या तिरप्या उन्हात गोवरीचा धूर दिसतो, धुराआड वाकलेली बाई दिसते, तिला फोटो काढताहेत हे माहीत नसतं. लॅबमध्ये असता तर याच्या पंधरा कॉप्या निघाल्या असत्या.

फोन हातात घेतल्यावर

आधी काच पुसा. फोन दिवसभर पर्समध्ये लिपस्टिक, पेढा आणि रुमालाबरोबर असतो, आणि मग म्हणतात फोटो धुरकट आला. पदराच्या सुती टोकानं पुसा, झालं.

ग्रुपचा फोटो काढताना जवळ उभं राहू नका. फोनच्या रुंद लेन्सनं काठावरच्या माणसाचं तोंड ताणलं जातं, ती दिसते दुप्पट जाड आणि मग ती आयुष्यभर काठाला उभी राहत नाही. सात-आठ पावलं मागे जा (पाण्याकडे नाही), आणि दोन पट झूम करा. डोक्यांच्या वर थोडी मोकळी जागा ठेवा, त्याचं कारण पुढे सांगते.

"चीज" म्हणायला लावू नका. "तीन म्हटल्यावर काढते" म्हणा आणि दोनवर काढा. तीननंतर सगळ्या पुतळे होतात. आमच्यात मी अजून एक युक्ती करते: काढून झालं असं म्हणून फोन खाली घेते, सगळ्या सैल होतात, कोणी ओढणी सावरते, कोणी हसते, तेव्हा परत काढते. हाच फोटो राहतो.

पहिला फोटो गाडी सुटायच्या आधीचा घ्या, शेवटचा परत आल्यावरचा. सकाळी केस विंचरलेले, संध्याकाळी धुळीनं भुवया पांढऱ्या. मधलं कमी घेतलं तरी चालतं.

आणि काढणारी बदला. आम्ही पाळी लावली आहे, प्रत्येक जागेला एक. काढणं जिला येत नाही तिनंही काढायचं. आमची सुगरण सगळे फोटो वाकडे काढते, त्यात क्षितिज नेहमी डावीकडे घसरलेलं असतं. आता लांबूनच ओळखू येतं की हा तिचा. सगळ्या हव्या असतील तर डबा उलटा ठेवा, त्यावर चप्पल, चपलेला टेकवून फोन, दहा सेकंदांचा टायमर. धावत यायला जी सगळ्यात हळू, तिनं बटण दाबायचं. ती पोचते तेव्हा बाकीच्या खरंच हसत असतात.

गावातल्या बायका विहिरीवर, शेतात, दारात दिसल्या की फोन उचलू नका. आधी बोला. आपण चार तासांसाठी गेलेलो असतो, ती तिथं राहते. तिला नको असेल तर ती तोंड फिरवते, तेवढं उत्तर पुरे.

हे सगळं मी सांगते म्हणून मला फार येतं असं समजू नका. लॅबला लागून तीन महिने झाले असतील, लॅबच्याच मुलींबरोबर अंबाझरीला गेलो होतो. रोल संपला असं समजून मी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं. संपला नव्हता. लखलखीत उन्हात पूर्ण फिल्म उजळली. रोज दहा गिऱ्हाइकांना "झाकण उघडू नका" सांगणारी मीच.

घरी आल्यावर

इथं बहुतेक ग्रुप मरतात. सातही जणी आपले साठ-साठ फोटो रात्री ग्रुपात टाकतात, चारशे फोटो, अर्धे सारखेच, सकाळी कोणी बघत नाही.

रोलमध्ये छत्तीस फोटो असायचे. आम्ही तोच आकडा धरलाय. दिवसाचे छत्तीस, सगळ्यांचे मिळून. एकीनं निवडायचे, दर वेळी वेगळीनं, आणि निवडणारीला एक अधिकार: स्वतःचा खराब फोटो काढून टाकायचा. दुसरीचा खराब फोटो काढून टाकायलाच हवा, विचारायचं नाही. डोळे मिटलेला, पोट दिसणारा, तोंडात घास असलेला. (घास असलेला ठेवायचा की नाही, यावर आमच्यात दोन पक्ष आहेत.) रविवारी रात्री बारापर्यंत निवड झाली नाही तर कधीच होत नाही.

निवडायला मूळ फोटो लागतात. एकत्र बसलेल्या असाल तर अँड्रॉइडवर क्विक शेअरनं फोनमधून फोनमध्ये द्या, नेट लागत नाही. लांब असाल तर गूगल फोटोजमध्ये एक अल्बम करा आणि सगळ्यांना त्यात टाकायला सांगा. फक्त लक्षात ठेवा, गूगलची फुकटची १५ जीबी जागा मेल आणि बाकी सगळ्याला मिळून आहे, व्हिडिओनं ती भसाभस भरते. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो लहान होऊन जातो. फोनवर बघायला ठीक, छोटी प्रिंटही निघते, भिंतीवर लावायला मोठा केला की तोंडं पुसट होतात. मूळ हवा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पण डॉक्युमेंटमध्ये फोटो कुठं काढला ते ठिकाणही बरोबर जातं, जर फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर. घरच्या अंगणातला फोटो अनोळखी ग्रुपात असा टाकू नका.

स्टेटसला काय लावायचं ते वेगळं. आमच्यात एकीच्या सासरी तिनं सहलीला जाणं चालतं, पण ते गावाला कळलेलं चालत नाही. ते बरोबर की चूक यावर आम्ही दोन वेळा वाद घातला, आणि शेवटी ठरवलं की फोटो तिचा, निर्णय तिचा. प्रत्येकीला विचारून लावायचं, मुलांचे तर नाहीच. आणि सहलीतून थेट लावायचं नाही. सात घरांना कुलूप आहे, हे अख्ख्या मोहल्ल्याला सकाळी नऊ वाजता कशाला सांगायचं? रात्री लावा.

छत्तीसातले चार-पाच छापून घ्या. छापायला देताना एक गोष्ट: फोनचा फोटो चार बाय तीनच्या आकाराचा असतो आणि दुकानात ४ बाय ६ इंचाची प्रिंट निघते, ती जास्त लांबट. मग वरून-खालून कापलं जातं आणि मागच्या रांगेतली उंच बाई कपाळाशिवाय घरी येते. म्हणून डोक्यावर जागा सोडायला सांगितलं. आधीच जागा नसेल तर दुकानदाराला सांगा, कडेला पांढरी पट्टी राहिली तरी चालेल, कापू नका. आवाज चढवून सांगा, तो हो म्हणतो आणि ऐकत नाही.

प्रिंटच्या मागे लिहा. बॉलपेननं दाबून लिहिलं तर पुढे अक्षरं उमटतात. मऊ पेन्सिल किंवा बारीक मार्कर घ्या, वाळू द्या, मगच एकावर एक ठेवा. तारीख, जागा, डावीकडून नावं. वीस वर्षांनी "ही कोण वो?" असं होतं, मी काउंटरवर रोज ऐकायची. आणि सगळ्यात शेवटी, ओळ सोडून, फोटो कोणी काढला तिचं नाव. कॉप्या सांगताना तीही मोजा. परवाच्या अदाशाच्या फोटोत सहा जणी आहेत, मी सात सांगितल्या. दुकानातल्या पोट्ट्यानं बोट ठेवून परत मोजलं आणि म्हणाला, "मॅडम, सहाच आहेत."